लिचेस परीक्षण: पझल सुटतात, मग डाव हातातून का सुटतो?

लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर पझलचे (दिलेल्या स्थितीत नेमकी चाल शोधायच्या कोड्यांचे) रेटिंग २१००, आणि स्पर्धेच्या हॉलमध्ये १४५० रेटिंगच्या खेळाडूविरुद्ध बाविसाव्या चालीला घोडा फुकट. नागपुरात रेटिंग स्पर्धा कुठेही असो, हॉलबाहेर थांबलेल्या पालकांमध्ये अशी तक्रार हमखास ऐकू येते. लिचेस ज्या गोष्टी उत्तम शिकवते आणि बुद्धिबळात ज्या गोष्टी सर्वांत कठीण आहेत, त्या पूर्ण जुळत नाहीत. मधे फट आहे. ती कुठे आहे, आणि साइटच्याच सेटिंग्ज वापरून ती किती बुजवता येते, हे या परीक्षणात पाहू.

आधी थोडक्यात ओळख. लिचेस ही २०१० मध्ये तिबो ड्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रॅमरने सुरू केलेली साइट. आज ती ना-नफा संस्था म्हणून चालते. जाहिराती नाहीत, सशुल्क सदस्यत्व नाही, कुठलीही सोय पैशांमागे अडवलेली नाही. देणगी दिली तर नावापुढे पंखांचे चिन्ह मिळते, एवढाच फरक. चेस डॉट कॉमवर मोफत खात्याला रोजची पझल आणि डावांचे परीक्षण मर्यादित मिळते; लिचेसवर पझल हवी तेवढी सोडवा. एका घरात दोन मुले खेळत असतील तर वर्षाकाठी हा फरक खिशाला जाणवतो. फक्त फुकट आहे म्हणून मात्र ती वापरू नये. प्रशिक्षणाचे साधन म्हणून ती खरोखर पहिल्या दर्जाची आहे, कुठे वापरायची आणि कुठे नाही हे कळले पाहिजे.

नागपुरात हा विषय आता घराघरात आला आहे. रौनक साधवानी २०१९ मध्ये ग्रँडमास्टर झाला, संकल्प गुप्ता २०२१ मध्ये, आणि जुलै २०२५ मध्ये दिव्या देशमुखने बाटुमीला महिला विश्वचषक जिंकून थेट ग्रँडमास्टर किताब मिळवला. भारताची ८८ वी. कोनेरू हम्पीविरुद्धच्या अंतिम फेरीत दोन्ही क्लासिकल (लांब वेळेचे) डाव बरोबरीत सुटले, टायब्रेकचा पहिला रॅपिड (कमी वेळेचा) डावही बरोबरीत, आणि दुसऱ्यात दिव्या काळी मोहरी घेऊन जिंकली. म्हणजे निकाल लागला तो घड्याळात वेळ कमी आणि अंगात दमणूक जास्त असताना. त्या यशानंतर मोबाइलवर लिचेस उतरवून घेणाऱ्या पालकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. खेळाचा सर्वांत अवघड भाग तिथे असतो, आणि पझलचा आकडा त्याबद्दल फार थोडे सांगतो.

पहिली अडचण: काहीतरी आहे, हे सांगणारे कोणी नसते

पझल उघडले की स्क्रीन आधीच अर्धे उत्तर सांगून टाकते: इथे एक चाल आहे, ती जिंकणारी किंवा वाचवणारी आहे, आणि शेवटची मात सोडली तर ती एकच आहे. मूल मग शह शोधते, मारामारी शोधते, दोन-तीन जोरकस चाली करून पाहते आणि पझल सुटते. डावात बहुतेक वेळा तसे काहीच नसते. पंधराव्या चालीला शांत स्थितीत हत्ती मोकळ्या फाइलवर (उभ्या रांगेवर) आणायचा असतो, आणि विसाव्याला अचानक एफ७ या घरावर मोहऱ्याचा बळी देणे चालणारे असते. या दोन्हींतला फरक ओळखणे हे कदाचित बुद्धिबळातले सर्वांत कठीण कौशल्य आहे. पझलचे रेटिंग हे कौशल्य मोजतच नाही, म्हणून २१०० चे रेटिंग आणि १४५० वाल्याविरुद्ध फुकट गेलेला घोडा एकाच मुलाच्या नावावर दिसतात.

यावर लिचेसमध्येच उपाय आहे, पण तो तयार मिळत नाही, बनवावा लागतो. ‘स्टडी’ विभागात एका स्टडीत ६४ प्रकरणे मावतात. दहा प्रकरणांची एक स्टडी करा. पाच स्थिती पझलमधून घ्या, पाच मास्टरांच्या डावांतल्या शांत स्थिती घ्या जिथे कुठलाही चमत्कार नाही. प्रकरणांना नावे देऊ नका, फक्त आकडे द्या आणि क्रम मिसळा. प्रकरणाच्या सेटिंगमध्ये ‘पुढच्या चाली लपवा’ हा पर्याय निवडा. आता मुलाला प्रत्येक स्थितीला आठ मिनिटे द्या आणि वहीत दोन गोष्टी लिहायला सांगा: इथे डावपेच आहे की नाही, आणि मी कुठली चाल खेळेन. पहिल्या काही वेळा मुले शांत स्थितीतही बळी देऊन मोकळी होतात. चूक तिथे सापडते, पझलच्या यादीत ती कधीच दिसली नसती.

एवढी तयारी जमत नसेल तर थेट प्रक्षेपणाचा विभाग वापरा. मोठ्या स्पर्धांचे डाव तिथे चालू असतात. बाजूची मूल्यमापनाची पट्टी आणि इंजिन (चाली तपासणारा संगणकी प्रोग्रॅम) बंद करा, नाहीतर सगळा फायदा जातो. खेळाडू विचार करत असताना तुम्हीही चाल लिहून ठेवा. क्लासिकल डावात एका चालीला वीस मिनिटे लागली तर त्या वीस मिनिटांत नक्की काय तपासले जात असेल, हा प्रश्न स्वतःला विचारत बसणे हा फार चांगला सराव आहे.

कॅल्क्युलेशन, आणि माउसची वाईट सवय

पटावर दोन्ही बाजूंच्या पहिल्या दोन-दोन चालींतच मिळून १,९७,२८१ वेगवेगळे क्रम होऊ शकतात. सगळे तपासणे माणसाला अशक्य, म्हणून दोन-तीन उमेदवार चाली निवडायच्या आणि प्रत्येकीची फांदी मनात शेवटपर्यंत न्यायची. इथे दोन ठिकाणी घसरण होते. एक, तिसऱ्या चालीनंतरचे चित्र मनात धूसर होते: बी१ वरून निघालेला घोडा सी३ वर आला हे आठवते, पण त्यामुळे सी फाइल बंद झाली हे विसरले जाते. दोन, प्रतिस्पर्ध्याचे उत्तर आपल्या सोयीचे धरले जाते. दुसरी चूक जास्त महागात पडते.

स्क्रीनवर या दोन्ही चुका झाकल्या जातात. मूल पहिली चाल खेळते, साइट लगेच उत्तर खेळून दाखवते, मग दुसरी चाल समोर दिसते आहे म्हणून सुचते. पूर्ण ओळ मनात पाहिलीच नसते, तरी पझल बरोबर सुटल्याचे हिरवे चिन्ह येते.

म्हणून पझल विभागात तीन बदल करा. ‘रेटेड’चे बटण बंद करा, म्हणजे आकडा वाचवण्याची घाई संपते. पुढच्या पझलवर आपोआप जाण्याचा पर्याय बंद करा. विषयांच्या यादीतून ‘फोर्क’, ‘पिन’ असे डावपेचाचे नाव निवडून सराव करायचा तो फक्त नवीन कल्पना शिकताना. एरवी मिश्र पझलच घ्या, कारण विषयाचे नाव वाचले की अर्धे उत्तर हातात येते. अवघडपणा ‘नॉर्मल’ ठेवा, किंवा ‘हार्डर’, जो तुमच्या रेटिंगपेक्षा साधारण ३०० गुणांनी वरची पझल देतो. आणि नियम एकच: पूर्ण ओळ, प्रतिस्पर्ध्याच्या उत्तरांसह, वहीत लिहिल्याशिवाय माउसला हात नाही. साइटचे उत्तर तुम्ही लिहिलेल्यापेक्षा वेगळे निघाले तर तुमची पहिली चाल बरोबर असली तरी ते पझल चुकले असे धरा. या पद्धतीने पाऊण तासात दहा-बारा पझल होतात. शंभर झटपट पझलपेक्षा हे दहा जास्त कामाचे.

राइट क्लिकने पटावर बाण काढायची सोयही या सरावात टाळावी. हॉलमध्ये बाण नसतात.

पझल स्टॉर्म, म्हणजे तीन मिनिटांत जमतील तेवढी पझल, हे वेगळे प्रकरण आहे. त्याने नमुने पटकन ओळखता येतात, शेवटच्या ओळीवरची मात डोळ्यात बसते. त्याहून खोल काही त्यातून मिळत नाही. डावाआधी पाच मिनिटे हात मोकळा करायला ठीक, रोजचा अभ्यास म्हणून नाही. त्यापेक्षा पझल स्ट्रीक बरे: घड्याळ नाही, पझल हळूहळू अवघड होत जातात, आणि एका चुकीला खेळ संपतो. ‘एक चूक म्हणजे संपले’ हा दबाव खऱ्या डावाच्या जवळचा आहे.

जिंकलेला डाव जिंकणे

अनुभवी खेळाडूंना विचारा, सर्वांत कठीण काय? बरेच जण सांगतील, जिंकलेला डाव जिंकणे. एक मोहरा वर आहे, समोरचा आता काहीही करून गुंता वाढवणार आहे, आणि आपले लक्ष मात्र ‘झालाच’ म्हणून सुटले आहे. लिचेसचे संगणकीय विश्लेषण इथे एक गोष्ट लपवते आणि ती फार कमी पालकांना ठाऊक असते. साइट चालीला ‘ब्लंडर’ (घोडचूक) किंवा ‘मिस्टेक’ (चूक) म्हणते ते जिंकण्याची शक्यता किती घसरली यावरून, नुसत्या गुणांच्या फरकावरून नाही. त्यामुळे इंजिनच्या मापाने स्थिती +९ (साधारण नऊ प्याद्यांइतकी आघाडी) वरून +६ वर आली तर खूण येतच नाही, किंवा हलकीशी येते, कारण दोन्ही ठिकाणी डाव जिंकलेलाच आहे. पण अशाच दोन ढिसाळ चालींनंतर तिसरी येते आणि डाव बरोबरीत जातो. अहवालात एकच ब्लंडर दिसतो, प्रत्यक्षात घसरण दहा चाली आधी सुरू झालेली असते. म्हणून जिंकलेल्या डावांचा आलेख मुद्दाम उघडा आणि +५ च्या वर रेषा कुठे कुठे खाली आली ते हाताने पाहा. तिथे बहुतेक वेळा कारण एकच निघते: समोरच्याची धमकी काय आहे, हा प्रश्न विचारणे थांबले होते.

बचावाचेही तसेच. वाईट स्थितीत टिकून राहणे शिकवणारी पझल लिचेसवर आहेत, पण शोधावी लागतात. विषयांच्या यादीत ‘डिफेन्सिव्ह मूव्ह’ आणि ‘इक्वॅलिटी’ हे दोन प्रकार आहेत. पहिल्यात मोहरा किंवा डाव वाचवणारी नेमकी चाल शोधायची, दुसऱ्यात हरलेल्या स्थितीतून बरोबरी. मुले यांकडे वळत नाहीत, कारण यांत मात नसते. आठवड्यातून एकदा तरी ती सक्तीने करून घ्यावीत. त्याच्या जोडीला, मूल्यमापन -१.५ च्या आसपास असलेली स्थिती घेऊन क्लासमधल्या मित्राशी खेळायला लावा आणि नंतर बाजू बदला. ‘स्थितीपासून खेळा’ हा पर्याय त्यासाठीच आहे. समोर संगणक ठेवला तर उपयोग कमी होतो: वरच्या पातळीवर तो सुटूच देत नाही, आणि खालच्या पातळीवर मधेच माणूस करणार नाही अशी चूक करतो.

एंडगेम: इथे साइट सोन्यासारखी

‘प्रॅक्टिस’ विभागात मुख्य एंडगेम (थोडे मोहरे उरल्यावरचे, डावाच्या शेवटच्या टप्प्यातले प्रकार) क्रमाने लावलेले आहेत आणि ते फार चांगले आहेत. राजा आणि प्याद्याचा एंडगेम इथून शिकावा. पांढरा राजा ई५, प्यादे ई४, काळा राजा ई७: चाल पांढऱ्याची असेल तर बरोबरी, काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. ही एक स्थिती पक्की झाली की मुलांचे कितीतरी अर्धे गुण वाचतात, कारण प्यादी बदलायची की नाही हा निर्णय दहा चाली आधी याच ज्ञानावर घ्यावा लागतो.

हत्तीच्या एंडगेममध्ये दोन स्थिती पाठ नव्हे, समजून घ्याव्या लागतात. लुसेना: पांढरा राजा जी८, प्यादे जी७, हत्ती एफ१, काळा राजा ई७, हत्ती एच२, चाल पांढऱ्याची. पहिली चाल हत्ती एफ४. मग ई४ वर शह देऊन काळ्या राजाला डी७ वर ढकलायचे, आपला राजा एफ७ वर बाहेर काढायचा, काळ्या हत्तीचे शह चुकवत जी६, एफ६, जी५ असा खाली उतरवायचा आणि शेवटच्या शहाला हत्ती जी४ वर आडवा घालायचा. मुले चुकतात ती पहिल्याच चालीला. हत्ती चौथ्या ओळीवर आधी आणला नाही तर राजा बाहेर पडल्यावर शह अडवायला काही उरत नाही. दुसरी फिलिडोर, बचाव करणाऱ्यासाठी: पांढऱ्याचे प्यादे सहाव्या ओळीवर पोचेपर्यंत काळ्याने आपला हत्ती सहाव्या ओळीवरच ठेवायचा आणि समोरच्या राजाला तिथे येऊ द्यायचे नाही. प्यादे सहाव्या ओळीवर सरकले की त्या राजाचा आडोसा गेला. लगेच हत्ती पहिल्या ओळीवर न्यायचा आणि मागून शह सुरू करायचे. हत्ती घाईने आधीच खाली नेला तर बचाव अवघड होतो. प्यादे सरकल्यावर नेला नाही तर हरतो.

उंट आणि घोड्याने मात देणे हेही तिथे आहे. बिनचूक खेळले तर जास्तीत जास्त ३३ चाली लागतात, आणि नियम ५० चालींचा आहे (तेवढ्यात मात झाली नाही तर बरोबरी मागता येते), म्हणजे चुकायला १७ चालींची जागा. मात उंटाच्या रंगाच्या कोपऱ्यातच देता येते. राजाला चुकीच्या कोपऱ्यातून बरोबर कोपऱ्याकडे हाकणे हा खरा अवघड टप्पा. स्पर्धेत हे क्वचित लागते. तरीही शिकावे, कारण दोन मोहऱ्यांनी घरे कशी वाटून घ्यायची हे याहून चांगले कुठे कळत नाही.

पटावर सात किंवा कमी मोहरे उरले की विश्लेषणात टेबलबेस (आधीच पूर्ण सोडवून ठेवलेल्या स्थितींचा साठा) उघडतो. तिथे जिंकणे, हरणे, बरोबरी हे अचूक कळते. पण यादीतली पहिली चाल आंधळेपणाने शिकू नका. तो क्रम ‘पुढचे प्यादे सरकणे किंवा मोहरा मारला जाणे किती चालींवर आहे’ या मापाने लागतो, त्यामुळे गरज नसताना मोहरा देऊन टाकणारी चालही वर दिसू शकते. टेबलबेसला फक्त ‘माझ्या चालीने निकाल बदलला का?’ एवढेच विचारावे.

आणखी एक अडचण. एंडगेम संगणकाविरुद्ध खेळून पाहिला तर हरलेल्या स्थितीत इंजिन मात लांबवण्यासाठी हत्तीच देऊन टाकते. समोरचा माणूस असे करत नाही, तो शेवटपर्यंत शह देत बसतो. म्हणून लुसेना इंजिनवर एकदा जमली की पुढचा सराव माणसासमोर, खऱ्या पटावर.

ओपनिंगबद्दल थोडेच

ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या चाली) एक्सप्लोररमध्ये मास्टरांचे डाव, लिचेसचे डाव आणि एका खेळाडूचे डाव असे तीन कप्पे आहेत. मुलांचे क्लास पहिल्याच कप्प्यातून शिकवतात आणि तिथे गल्लत होते. इटालियन नावाच्या ओपनिंगमध्ये पांढऱ्याचा घोडा जी५ वर येतो, काळा डी५ खेळतो, पांढरा ते प्यादे मारतो. मास्टर इथे घोडा ए५ वर नेतात. शाळकरी स्पर्धेत समोरचा घोड्याने डी५ वरचे प्यादे मारतो, आणि मग एफ७ वर घोड्याचा बळी येतो. ज्याने फक्त ए५ पाठ केले, तो बळी द्यायच्या जागी गोंधळतो. दुसऱ्या कप्प्यात आपल्या समोर येणाऱ्या खेळाडूंचे रेटिंग आणि रॅपिड वेळ निवडा, आणि तिथे सर्वांत जास्त दिसणाऱ्या तीन उत्तरांची तयारी करा. याहून जास्त वेळ ओपनिंगला, १८०० च्या खाली तरी, देऊ नये.

घड्याळ

९० मिनिटे अधिक प्रत्येक चालीला ३० सेकंद, या वेळेत ४० चालींसाठी एकूण ११० मिनिटे मिळतात. पहिल्या दहा चाली दहा मिनिटांत झाल्या तर उरलेल्या तीस चालींना प्रत्येकी ३ मिनिटे २० सेकंद. लिचेसवर वाढलेल्या मुलांना एवढा वेळ वापरताच येत नाही. सव्वा तास शिल्लक असताना हरतात. त्यांनी ३+० चे (तीन मिनिटे, चालीमागे वाढ नाही) ब्लिट्झ इतके खेळलेले असते की हात डोक्याच्या पुढे धावतो. साइटवर रोज एकच डाव खेळायचा असेल तर १५+१० खेळावा, सुटीच्या दिवशी ३०+२०. प्रत्येक डावानंतर विश्लेषणाखालचा चालींच्या वेळांचा आलेख पाहावा. जिथे ब्लंडर आहे आणि पट्टी अगदी आखूड आहे, तिथे ज्ञान कमी पडलेले नाही, घाई झाली आहे. जिथे पट्टी सर्वांत उंच आहे आणि तरी चाल चुकली, ती स्थिती वेगळी काढून शिक्षकाकडे न्यावी. इतके उपयोगी निदान फुकटात दुसरीकडे मिळणे कठीण.

इंजिनच्या आकड्याबद्दल इथेच सांगतो. +०.६ चा अर्थ ‘पांढरा थोडा बरा’ एवढाच. का बरा, हे लिचेसचे इंजिन स्टॉकफिश सांगत नाही. मुलाने डावानंतर आधी स्वतःच्या शब्दांत दोन-तीन ओळी टिपाव्यात, मगच इंजिन लावावे. ‘चुकांमधून शिका’ हे बटण त्यासाठी उत्तम आहे: ते चुकीच्या जागी थांबवते आणि दुसरी चाल शोधायला लावते. पण शांत, योजनेच्या चुका त्यात कमी पकडल्या जातात. त्यासाठी माणूसच लागतो.

स्क्रीनवरून पटावर

हॉलमध्ये होणाऱ्या निम्म्या नुकसानीचे मूळ सवयीत असते, आणि इथे साइटची सेटिंग्ज थेट मदत करतात. पसंतीच्या पानावर जाऊन मोहऱ्याच्या संभाव्य घरांचे ठिपके बंद करा, शेवटची चाल आणि शह दाखवणारा रंग बंद करा, आपोआप वजीर होणे ‘कधीच नाही’ वर ठेवा, आणि तीन वेळा स्थिती आल्यावर आपोआप बरोबरीची मागणी तीही ‘कधीच नाही’. प्रीमूव्ह (समोरच्याची चाल होण्याआधीच आपली चाल लावून ठेवणे) बंद.

कारण फिडेच्या (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या) नियमांत यातले काहीच आपोआप होत नाही. हात लावला तो मोहरा हलवावा लागतो. स्क्रीनवर उचलून परत ठेवता येतो. कॅसलिंग (किल्लेकोट) करताना आधी राजालाच हात लावायचा. आधी हत्तीला लावला आणि मग राजाला, तर त्या चालीला त्या बाजूचे कॅसलिंग करता येत नाही. प्यादे शेवटच्या घरात नेऊन वजीर न ठेवता घड्याळ दाबले तर ती बेकायदा चाल. पहिल्या बेकायदा चालीला समोरच्याला दोन मिनिटे जास्त मिळतात, क्लासिकलमध्ये दुसऱ्या वेळी साधारणपणे डावच जातो. तिसऱ्यांदा तीच स्थिती येणार असेल तर चाल खेळायची नाही: स्कोअरशीटवर लिहायची, घड्याळ थांबवायचे, आर्बिटरला (पंचाला) सांगायचे. चाल खेळून घड्याळ दाबले की त्या वेळची मागणी गेली. आणि ज्या हाताने चाल, त्याच हाताने घड्याळ.

नजरेचाही प्रश्न आहे. सपाट पट वरून दिसतो. खरा पट तिरका दिसतो, लांबच्या कर्णावरचा उंट उंच मोहऱ्यांमागे लपतो. म्हणून घरी स्पर्धेच्या मापाचा सेट हवा: राजा साधारण ९.५ सेंटीमीटर, घर ५ ते ६ सेंटीमीटर, गुंडाळता येणारा व्हिनाइल पट चालतो. नागपुरात बर्डीवरच्या खेळसाहित्याच्या दुकानांत घेताना राजा हातात धरून पाहा. तळाला वजन नसलेले मोहरे कूलरच्या वाऱ्यात आणि घाईत आडवे होतात. लिचेसवरचे पझल या पटावर मांडून सोडवावे, उत्तर तपासायलाच स्क्रीनकडे जावे. मांडण्यात दोन मिनिटे जातात, पण मांडताना प्रत्येक मोहऱ्याचे घर वाचावे लागते, आणि तोही सरावच.

रेटिंगचा गोंधळ इथेच मिटवावा. लिचेसवर नवे खाते १५०० पासून सुरू होते, रेटिंग मोजण्याची पद्धत ग्लिको-२. फिडेने मार्च २०२४ मध्ये सर्वांत खालची मर्यादा १४०० केली आणि २००० खालच्यांना एकदाच वाढ दिली: २००० पासून जितके अंतर, त्याच्या ४० टक्के. १२०० वाला त्या दिवशी १५२० झाला. दोन आकडे दोन वेगळ्या फूटपट्ट्यांवरचे आहेत. लिचेसचे १८०० म्हणजे फिडेचे १८०० नव्हे, आणि पझलचे रेटिंग तर तिसरेच.

लहान मुलांसाठी खाते काढताना ‘किड मोड’ चालू करा, त्याने संदेश आणि गप्पा बंद होतात. भाषांच्या यादीत मराठी आहे. मेनूपुरती ती कामाची, बराचसा अभ्यासाचा मजकूर इंग्रजीतच वाचावा लागतो, तेव्हा सात-आठ वर्षांच्या मुलाशेजारी सुरुवातीला कोणीतरी बसावे. मोबाइल अॅप हलके आहे आणि काही पझल इंटरनेटशिवाय सोडवता येतात. मे महिन्यात दुपारी वीज गेली आणि वायफाय बंद पडले तरी सराव थांबत नाही. मात्र रेटेड डाव अशा वेळी सुरू करू नये. जोडणी तुटली तरी घड्याळ चालूच राहते.